कॅमेरा तळ्यात पडला, आता काय?

प्रश्न : मागच्या रविवारी हिप्परगा तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो होतो, काठावर पाय घसरला आणि गळ्यातला डीएसएलआर माझ्यासकट पाण्यात. लगेच चालू करून बघितला तर स्क्रीनवर रेघा आल्या आणि बंद पडला. आईने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय, शेजारचे काका म्हणतात दोन दिवस गच्चीवर उन्हात टाक. कार्डात भाचीच्या बारशाचे फोटो आहेत हो. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी बारशाचं सांगतो, ते फोटो बहुतेक शाबूत असतील. मेमरी कार्डात फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर असतं, नुसत्या भिजण्याने सहसा जात नाही. कार्ड काढा, गाळ लागला असेल तर साध्या पाण्यात विसळा, पुसा, दोन दिवस वाळू द्या आणि मग कार्ड रीडरला लावा. कॅमेऱ्यात घालून बघू नका.

आता कॅमेरा. चालू करून बघितलात ना, तिथंच माशी शिंकली. राग मानू नका, मीही हेच केलंय. भावाच्या लग्नात कॅमेऱ्यावर मठ्ठा सांडला, पंचाने पुसला आणि म्हटलं चालतोय का बघू, एक फोटो निघाला आणि त्यानंतर कायमचा गप्प. नंतर बॅटरीचं झाकण उघडलं तर पितळी पट्ट्यांवर मोरचूदासारखी हिरवट बुरशी धरलेली. नुसतं पाणी एवढं वाईट नाही, पाण्यात करंट खेळला की आतल्या सर्किट बोर्डावरच्या केसाएवढ्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात, आणि कॅमेरा बंद दिसला तरी बॅटरी आत असली की थोडा करंट चालूच असतो. त्यामुळे ती अजून आतच असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी ती काढा. भिजलेली बॅटरी परत चार्जिंगला लावायची नाही, नवीन घ्या.

आईंना म्हणावं तांदूळ भातालाच बरा. तो ओल ओढतो पण इतका सावकाश की नुसता पंखा त्याच्यापेक्षा बरा, वर ते तांदळाचं पीठ फटीतून आत जातं. आणि काकांचं ऐकू नका, आपल्याकडचं गच्चीवरचं ऊन पापड-कुरडयांना ठीक आहे, काळा कॅमेरा तिथं तव्यासारखा तापतो, लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन आतल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्यांवर उतरतं. हेअर ड्रायरचंही तेच. लेन्स काढून वेगळी ठेवा, सगळी झाकणं उघडी, बॉडीचं तोंड खाली करून जाळीवर ठेवा आणि सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस राहू द्या. सोलापूरची कोरडी हवा एरवी ओठ फोडते, इथं तीच कामाला येते. पावसाळा असता तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायला सांगितल्या असत्या.

वाळला म्हणजे सुटला असं मात्र नाही. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो ना, तळ्याचं पाणी उडून गेलं की तसाच थर बोर्डावर राहतो आणि पुढच्या दमट दिवसात परत खायला लागतो. म्हणून वाळायची वाट न बघता लवकर दुरुस्तीवाल्याकडे नेलात तर उत्तमच. त्याला एकच विचारा, बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपाईल अल्कोहोलने धुणार का? नुसती हवा मारून देतो म्हणाला तर उठा तिथून. खर्च आधी विचारा, तसाच जुना कॅमेरा जेवढ्याला मिळतो त्याच्या अर्ध्याच्या वर जात असेल तर मी तरी करणार नाही. स्वतः स्क्रू खोलायच्या भानगडीत पडू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास चार्ज साठलेला असतो आणि बॅटरी काढली तरी तो राहतो. झटका जबरी बसतो.

प्रश्न : आम्ही गणपतीपुळ्याला चाललोय. समुद्रात पडला तर हेच करायचं का?

उत्तर : समुद्राचं मीठ फार लवकर खातं, तिथं बॅटरी आणि कार्ड काढून बॉडी गोड्या पाण्यात बुडवून धुतात, ऐकायला वेडेपणा वाटतो पण तोच त्यातल्या त्यात बरा उपाय, तरी वाचेल याची खात्री नाही. त्यापेक्षा जाताना जाड झिपलॉक पिशवी न्या, आणि वाळूत लेन्स बदलू नका.