शिलारस, लाव्हा आणि लाव्हारस

प्रश्न असा: 'शिलारस', 'लाव्हा' आणि 'लाव्हारस' हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे का? आणि 'पृथ्वीच्या पोटात लाव्हारस खदखदतो आहे' हे वाक्य बरोबर का?

वितळलेला खडक जमिनीखाली आहे तोवर तो शिलारस. इंग्रजीतल्या 'मॅग्मा'साठी आपल्याकडे घडवलेला हा शब्द. तोच रस भूपृष्ठावर आला, मग ते कोरड्या जमिनीवर असो की समुद्राच्या तळावर, की त्याला लाव्हा म्हणायचं. फरक नुसत्या ठिकाणाचा वाटतो, पण तेवढाच नाही. खोलवरच्या दाबाखाली शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. रस वर चढू लागला की दाब घटतो आणि हे वायू बुडबुड्यांच्या रूपानं सुटे होतात. ज्वालामुखीच्या स्फोटामागचा जोर मुख्यतः या वायूंचा. लाव्हा म्हणजे बहुतेक वायू गमावलेला शिलारस, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

'शिलारस' शब्द मला आवडतो, पण त्यातला 'रस' थोडा फसवा आहे. रस म्हटलं की पातळ, एकजीव द्रव डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात वितळलेल्या भागात स्फटिक आणि वायू मिसळलेले असतात. बेसाल्टी शिलारसात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) साधारण 50 टक्के, त्यामुळे त्याचा लाव्हा 1,100 ते 1,200 अंश सेल्सियसला बऱ्यापैकी वाहता असतो. सिलिका 70 टक्क्यांच्या वर गेली की तोच प्रकार इतका चिकट होतो की धड वाहतही नाही. ग्रीकमध्ये 'मॅग्मा'चा मूळ अर्थ मळलेला गोळा, आणि तो इथे जास्त चपखल बसतो. (आयुर्वेदाच्या जुन्या पुस्तकात 'शिलारस' दिसला तर ज्वालामुखी शोधू नका. तिथे तो एका झाडाचा सुगंधी डिंकासारखा स्राव आहे.)

आता त्या खदखदणाऱ्या पोटाकडे. पोटात आहे म्हटल्यावर लाव्हा हा शब्द तिथेच बाद झाला. मग 'शिलारस खदखदतो आहे' म्हणावं का? तेही नाही. भूकवच महासागरांखाली जेमतेम 5 ते 10 किलोमीटर आणि खंडांखाली साधारण 30 ते 50 किलोमीटर जाड. त्याखाली सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, आणि हे प्रावरण घन खडकाचं आहे. भूकंपाच्या एस-लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, प्रावरणातून मात्र आरपार जातात. खडक तापलेला असतो, पण वरच्या प्रचंड दाबामुळे त्याचा वितळणबिंदूही चढलेला असतो. गोंधळ होतो तो 'वाहणं' या क्रियापदामुळे. प्रावरण लाखो वर्षांच्या हिशेबात, वर्षाला काही सेंटिमीटर अशा चालीनं खरंच वाहतं, आणि वाहतं ते द्रवच असणार असं आपण गृहीत धरतो. 'भूपट्ट शिलारसावर तरंगतात' (भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे प्रचंड तुकडे) हे सर्रास दिसणारं वाक्य त्यातूनच आलं असावं.

पृथ्वीच्या पोटात खरोखर द्रवरूप असलेला थर एकच, बाह्य गाभा. तो 2,900 ते सुमारे 5,150 किलोमीटर खोलीवर आहे आणि त्यात मुख्यतः लोखंड आणि निकेल. तिथे शिलाच नाही, तर शिलारस कुठला?

शिलारस तयार होतो तो मोजक्या जागी. भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे खालचा खडक वर येतो, दाब उतरतो आणि खडक अंशतः वितळतो. एक पट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथे बुडणाऱ्या पट्टातलं पाणी वरच्या प्रावरणात मुरतं आणि वितळणबिंदू खाली आणतं. हवाईसारख्या ठिकाणी खोलवरून येणारा जास्त तप्त खडक हे काम करतो. यातला बराचसा शिलारस वर पोचतच नाही. ग्रॅनाइट हा असाच आतल्या आत थिजलेला शिलारस, त्याला लाव्हा होण्याची वेळच आली नाही.

राहिला 'लाव्हारस'. लाव्हा म्हणजेच रस, मग पुन्हा रस कशाला, असा आक्षेप शुद्धतावादी घेतात. मला तो पटत नाही. थिजून घट्ट झालेल्या खडकालाही भूशास्त्रात लाव्हाच म्हणतात, तेव्हा वाहत्याला लाव्हारस म्हणण्यात सोय आहे. मात्र ज्वालामुखीतून बाहेर पडणारं सगळंच लाव्हारस नसतं. इसवी सन 79 मध्ये 'पॉम्पेई लाव्हारसात गाडलं गेलं' असं लिहिलं जातं, ते चूक. ते शहर व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख, सच्छिद्र हलके दगड आणि तप्त वायूंचे लोट यांखाली गाडलं गेलं.

'लाव्हारस' टिकण्याचं दुसरं कारण व्याकरणाचं असावं. प्रत्यय लावताना 'लाव्हाचा' की 'लाव्ह्याचा', असं अडखळायला होतं, 'लाव्हारसाचा' बिनधोक. दोन्ही रूपं वापरात आहेत. मी 'सोडा'चं 'सोड्याचा' होतं त्या चालीवर 'लाव्ह्याचा' लिहितो, पण 'मॅग्म्याचा' लिहायला माझाही हात धजत नाही. तिथे सरळ 'शिलारसाचा'.