यामाहा कीबोर्डची स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) कॉर्ग पीए कीबोर्डवर कन्व्हर्ट केली, आता मध्येच स्क्रॅच आणि घंटी वाजते. कशी काढायची?

स्टाइल बिघडलेली नाही, ड्रम किटची मांडणी, म्हणजे कुठल्या नंबरवर कुठला आवाज, ती वेगळी आहे. मिडी फाइलमध्ये 'स्नेअर' असं काही लिहिलेलं नसतं, फक्त नोटचा नंबर असतो. ३५ ते ८१ हे नंबर जनरल मिडी (जीएम) या सामायिक मानकाने ठरवलेले, तिथे सहसा अडचण नाही. गडबड ३५ च्या खाली होते. यामाहाच्या एक्सजी (त्यांचं स्वतःचं मानक) किटमध्ये २९ म्हणजे स्नेअर रोल, ३० कॅस्टनेट, ३३ सॉफ्ट किक, ३४ ओपन रिमशॉट. जीएम२ (जनरल मिडीची दुसरी आवृत्ती) मांडणीच्या किटवर हेच नंबर अनुक्रमे स्क्रॅच पुश, स्क्रॅच पुल, मेट्रोनोम क्लिक आणि मेट्रोनोमची घंटी होतात. तुमची घंटी बहुधा ३४ चीच.

आधी ड्रम आणि पर्कशन ट्रॅक आळीपाळीने म्यूट करून चोर कुठे आहे ते बघा. मग स्टाइल रेकॉर्डमध्ये जाऊन इव्हेंट एडिट (एकेक नोट बदलायची यादी) उघडा: ३३ चे ३६ (किक) करा, ३४ चे ३८ किंवा ४० (स्नेअर). रोलला सरळ पर्याय नाही. मी तर २९ डिलीटच करतो, फिल-इनमध्ये कुणाला कळतही नाही. स्टाइलचं प्रत्येक व्हेरिएशन (तालाचा प्रकार) आणि फिल (मधला छोटा तुकडा) वेगळं तपासावं लागतं, हे मात्र कंटाळवाणं काम. नोट्स खूप असतील तर कन्व्हर्ट करण्याआधीच कॉम्प्युटरवर बदललेल्या बऱ्या.

दोन्ही ट्रॅक म्यूट करूनही खरखर येतेय? मग ड्रमला सोडा, गिटार ट्रॅक बघा. मेगाव्हॉइस या यामाहाच्या खास गिटार आवाजाच्या वरच्या नोट्सवर तारा घासल्याचे आवाज असतात, साध्या गिटारवर त्या किंचाळतात. बिनधास्त उडवा.