मुलीचं स्पॅनिश ३ (शाळेतल्या स्पॅनिशची तिसरी लेव्हल) दहावीत संपतंय. अकरावीत भाषा सोडली तर चांगल्या कॉलेजांना चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीने मिडल स्कूलमध्ये स्पॅनिश १ केलं, नववीत २, यंदा दहावीत ३ चालू आहे. अकरावीला भाषा सोडून तिला एपी (हायस्कूलमध्येच करायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय. यादीत बर्कली, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन आणि एमआयटी आहेत. शिवाय घरी ती मराठी छान बोलते, ते कुठे धरलं जाईल का?

मी कॅलिफोर्नियातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये स्पॅनिश शिकवते. फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे कोर्स निवडायची वेळ आली की हा प्रश्न घेऊन पालक येतातच. माझं मत स्पष्ट आहे: इतक्यात सोडू नका, स्पॅनिश ४ होऊ द्या.

आधी नियमांचं बघू. बर्कली म्हणजे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), आणि यूसीच्या ए-जी अटींमध्ये, म्हणजे प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये कोणते विषय किती वर्षं हवेत त्या यादीत, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची २ वर्षं सक्तीची आहेत, ३ केलेली बरी असं ते सांगतात. मिडल स्कूलमधलं शिक्षण त्यात धरलं जातं आणि वरची लेव्हल पास झाली की खालची झालीच असं मानतात. म्हणजे यूसीपुरतं तिचं काम जूनमध्येच संपेल. एमआयटी २ वर्षं सुचवते, तिथेही प्रश्न नाही. स्टॅनफर्डला एकाच भाषेची ३ किंवा जास्त वर्षं हवी असतात. प्रिन्स्टनची अपेक्षा मात्र एकाच भाषेच्या ४ वर्षांची आहे, हार्वर्डचीही तीच. तुमचं अडतं ते इथे.

ही अपेक्षा आहे, अट नाही. तीनच वर्षं झाली म्हणून कोणी अर्ज बाजूला टाकत नाही. पण अर्जासोबत शाळेच्या काउन्सेलरचा (कोर्स आणि कॉलेजबद्दल सल्ला देणाऱ्याचा) रिपोर्ट जातो आणि त्यात एक प्रश्न असतो: याच शाळेतल्या बाकीच्या मुलांच्या तुलनेत या विद्यार्थ्याने घेतलेले विषय किती अवघड होते? सगळ्यात वरच्या चौकटीत खूण व्हावी असं वाटत असेल, तर इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि भाषा या पाचांपैकी एक अकरावीत गळणं बरं दिसत नाही. सगळ्यांचेच मार्क उत्तम असतात तेव्हा असा फरक नजरेत भरतो. फिजिक्स व्हायचं राहिलं असतं आणि इंजिनिअरिंगला जायचं असतं, तर मी म्हटलं असतं, आधी फिजिक्स. पण कॉम्प्युटर सायन्स बारावीत घेता येतं, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजातही करता येतं.

स्पॅनिश सोडून फ्रेंच सुरू करण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. दोन भाषा दोन-दोन वर्षं करण्यापेक्षा एकच चार वर्षं केलेली कधीही चांगली.

पण नियमांपेक्षा मला वर्गात जे दिसतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. स्पॅनिश ३ च्या मुलांना क्रियापदांची रूपं पाठ असतात, गाळलेल्या जागा ती भराभर भरतात. तरी ‘पाऊस आला नसता तर रविवारी काय केलं असतंस?’ असं विचारलं की निम्मा वर्ग गप्प होतो. चौथ्या वर्षी मी त्यांना मेक्सिको सिटीतल्या पाणीटंचाईवरची रेडिओची बातमी ऐकवते आणि दोघा-दोघांना वाद घालायला लावते, टँकरचे पैसे कोणी भरायचे यावर. सुरुवातीला अडखळतात. नाताळच्या सुट्टीपर्यंत एकमेकांना मधेच तोडून बोलायला लागतात, चुका होतात पण थांबत नाहीत. तीन वर्षं घासून नेमकं हे येण्याआधी मूल निघून जातं, याचं मला दरवर्षी फार वाईट वाटतं. कॅलिफोर्नियात तर ही भाषा दवाखान्यात, दुकानात, शेजारच्या घरात रोज कानावर पडते.

अकरावीत स्पॅनिश ४ झालं की बारावीचं तिच्यावर सोडा. एपी स्पॅनिश घेतलं तर फारच छान. वेळापत्रक खरंच भरलं असेल तर थांबायला हरकत नाही. मिडल स्कूल धरून तिच्या ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) चौथी लेव्हल दिसेल, आणि वर्षं मोजण्यापेक्षा मूल कुठल्या लेव्हलपर्यंत पोचलं याला माझ्या मते जास्त वजन आहे. पुढे पदवीसाठीही हार्वर्ड, येल, कोलंबियात भाषेची अट असते. प्रिन्स्टनमध्ये ती बी.ए.वाल्यांना आहे, इंजिनिअरिंगला नाही.

आता मराठी. नुसती घरी बोलते म्हणून ती शाळेतल्या कोर्सची जागा घेणार नाही, आणि एपीमध्ये मराठीची परीक्षाच नाही. तरी ती वाया जात नाही. कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) आपल्याला येणाऱ्या भाषांचा वेगळा भाग आहे, बोलता, वाचता, लिहिता येतं का हे तिथे एकेक करून विचारतात. तिथे मराठी नक्की लिहा, पण लिहिता-वाचता येत असेल तरच तसं नोंदवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संस्था) जोडलेल्या मराठी शाळेत ती जात असेल, तर तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट त्याचं क्रेडिट देतं का ते काउन्सेलरला विचारा. सील ऑफ बायलिटरसीबद्दलही (इंग्रजीसोबत आणखी एक भाषा चांगली येते याची अधिकृत मोहोर) त्याच भेटीत विचारून घ्या. कॅलिफोर्नियाने हा सील २०११ मध्ये कायदा करून सुरू केला, बारावी संपताना तो डिप्लोमावर लागतो.

यादीत आणखी कॉलेजं आली तर कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेज स्वतःची आकडेवारी दरवर्षी ठरावीक नमुन्यात देतं तो अहवाल) एवढं शोधा. त्यातल्या सी-५ तक्त्यात प्रत्येक विषयाची किती वर्षं सक्तीची आणि किती अपेक्षित हे दोन रकान्यांत दिलेलं असतं. मात्र ताज्या वर्षाचाच उघडा.