रक्ताचा सामू टिकतो कसा?

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात आहे. व्यायामाने रक्तात आम्ल वाढूनही रक्ताचा सामू (pH) ७.४ च्या आसपासच कसा राहतो? — एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : रक्तातील बायकार्बोनेट आयन नव्याने आलेले हायड्रोजन आयन पकडून कार्बोनिक आम्ल बनवतात, त्यापासून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि हा वायू आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. बायकार्बोनेट व कार्बन डायऑक्साइड या जोडीचा पीकेए (ज्या सामूला दोन्हींचे प्रमाण सारखे असते तो आकडा) ६.१ असल्याने ७.४ सामूला बायकार्बोनेटचे प्रमाण विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २० पट असते. बफर (सामूतील बदल रोखणारे मिश्रण) पीकेएच्या जवळच्या सामूलाच प्रभावी असतो, या पुस्तकी नियमाने हा बफर दुबळाच ठरावा, पण फुप्फुसांची वाट मोकळी असल्याने तो भक्कम ठरतो. बंद चंचुपात्रात हे साधणार नाही. सामू ७.४ वरून ७.१ वर आला, तर हायड्रोजन आयनांची संहती जवळपास दुप्पट होते. हे गणित स्वतः करून पाहावे.