पालातला लाइट मंद पडतोय? बल्ब बदलायच्या आधी वायर आणि जोड बघा

राम कृष्ण हरी दादा. तुम्ही विचारलंय की दिंडीत टेम्पोच्या बॅटरीवरून वायर ओढली की टेम्पोजवळचा बल्ब लख्ख आन् शेवटच्या पालातला मिणमिणता, मग तिथं जास्त वॅटचा लावू का, आणि कनेक्टर कुठला घेऊ. जास्त वॅटचा अजिबात लावू नका, आहेत ते पण मंद होतील.

12 व्होल्टचं गणित घरच्यापेक्षा वेगळंय. घरी 60 वॅटला पाव अँपिअर लागतो, तेच 12 व्होल्टवर 5 अँपिअर. एक स्क्वेअरची (म्हणजे तांब्याची जाडी एक चौरस मिलिमीटर) वायर 10 मीटर ओढली म्हणजे जाऊन येऊन 20 मीटर, 5 अँपिअरला जवळपास 2 व्होल्ट तिथंच खलास. अडीच स्क्वेअरची घेतली तर पाऊण व्होल्ट. म्हणून पैसे आधी वायरीत घाला, तांब्याचीच घ्या.

दुसरं म्हणजे जोड. आमची दिंडी पैठणहून निघते, आम्ही पण आधी तारा पिळून वर टेप गुंडाळायचो. एका मुक्कामाला पाऊस आला आणि स्वयंपाक चालू असतानाच सगळे लाइट गेले, बायका अंधारात तव्यापुढं बसल्या. टेप सोडली तर गोंद वितळून हाताला चिकटत होता, आत तांबं हिरवं पडलेलं आणि वायरीचं प्लास्टिक बोटभर काळं झालेलं. तेव्हापासून पीळ मारणं बंद.

मेन लाइनला 50 अँपिअरचं अँडरसन कनेक्टर (बॅटरीच्या जाड वायरी जोडायचं प्लास्टिकचं प्लग) घ्या. दोन्ही तोंडं सारखीच असतात, उलटं बसत नाही, फक्त पिना घालताना लाल वायर दोन्हीकडं प्लसच्याच खाच्यात गेली का ते नीट बघा. त्याच्या पिना जाड वायरीच्या असतात, अडीचची आत ढिली राहते, त्यामुळं बारीक वायरीची पिन किंवा स्लीव्ह दुकानदाराकडून मागूनच घ्या. पिन क्रिंपिंगच्या पकडीनं दाबायची, साध्या पकडीनं नाही. पिनेवर सोल्डरचं कथील सोडलं की वायर तिथं ताठ होते आणि टेम्पोच्या हादऱ्यानं बरोबर तिथंच तुटते. आणि फ्यूज! बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, 10 अँपिअरचा. पालाजवळ लावलेल्या फ्यूजचा उपयोग नाही, मधी वायर घासून शॉर्ट झाली तर आग टेम्पोतच लागणार.

लाइट म्हणाल तर एका पालाला 5 वॅटचा एलईडी भरपूर. पिवळसर घ्या, 3000 केल्विनच्या आसपासचा, आषाढात पांढऱ्या लाइटवर पाखरं जास्त येतात आणि ती वाढलेल्या ताटात पडतात. बाहेर टांगायचे आयपी 65 चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे घ्या. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालवू नका, सकाळी सेल्फ लागणार नाही, वेगळी ठेवा. अ‍ॅसिडवाली असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे 42 अँपिअर-तासाच्या बॅटरीतले 21 धरा. सहा पालं म्हणजे 30 वॅट, अडीच अँपिअर, आठ तास आरामात निघतात.

म्हाताऱ्या माणसांना रात्री उठायला डोक्याला बांधायचा टॉर्च द्या, दोन्ही हात मोकळे राहतात. त्याच्या सेलवर 9900 एमएएच (सेलची ताकद) छापलेलं दिसलं तर घेऊ नका, त्या 18650 साइजमधी, म्हणजे 18 मिमी जाड आन् 65 मिमी लांब सेलात, तेवढं मावतच नाही.

निघायच्या आदल्या रात्री अंगणात सगळी लाइन जोडा, प्रत्येक पिन हातानं जोरात ओढून बघा, आणि सगळे बल्ब चालू ठेवून शेवटच्या बल्बापाशी मीटर लावा. 11.5 व्होल्टच्या खाली दाखवलं तर बॅटरीकडून एकेक जोडाला हात लावत या, जो गरम लागेल तो कापून नवा करा.