'शुल्ड', ऋण आणि व्हर्सायचे कलम २३१

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहातल्या कलम २३१ला कुणी 'युद्धगुन्हे कलम' म्हणतात, कुणी 'युद्धदोष कलम'. बरोबर काय?

'युद्धगुन्हे' ही साफ चूक आहे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांनी ती इतकी रुजवली आहे की ऐकून कान किटले. युद्धगुन्ह्यांची कलमे २२८ ते २३०, आणि जर्मन सम्राट कैसरवर खटला भरायचे २२७. कलम २३१पासून नुकसानभरपाईचा भाग सुरू होतो; युद्धातल्या हानीला जर्मनी आणि तिची मित्रराष्ट्रे जबाबदार, असे ते कलम म्हणते. 'दोष' म्हणजे काय ते कुठल्याही कोशात सापडेल. खरी गंमत जर्मन शब्दात आहे.

जर्मनांनी या कलमाला 'क्रीग्सशुल्ड'चे कलम म्हटले. क्रीग म्हणजे युद्ध. 'शुल्ड' म्हणजे अपराध, आणि 'शुल्ड' म्हणजेच कर्जही. 'सोलेन' या क्रियापदाच्या कुळातला हा शब्द, मूळ अर्थ देणे लागणे. आता आपल्याकडे पाहा. ऋण म्हटले की आपल्याला सावकार आठवतो नाहीतर कुणाचे उपकार. पण वेदात ऋण म्हणजे पापसुद्धा. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात वरुणाला विनवणी आहे: 'पर ऋणा सावीरध मत्कृतानि माहं राजन्नन्यकृतेन भोजम्'. माझ्या हातून झालेली ऋणे दूर कर आणि, हे राजा, दुसऱ्याने केलेले मला भोगायला लावू नकोस. कैसरनंतर जर्मनीत आलेल्या वायमार प्रजासत्ताकाचे गाऱ्हाणे याहून नेमके मांडता येणार नाही! कैसर हॉलंडला निघून गेला होता. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात तहावर सही करावी लागली ती लोकनियुक्त सरकारच्या म्यूलर आणि बेल या दोन मंत्र्यांना.

काही इतिहासकार म्हणतात, कलमात 'अपराध' हा शब्दच नाही. कागदावर ते खरे आहे. तिथे 'जबाबदारी' आहे, जर्मन भाषांतरात 'ऊरहेबर' म्हणजे कर्ता आहे, आणि पुढचेच कलम जर्मनीला सगळी भरपाई झेपणार नाही हे मान्य करते. पण तेवढ्यावरून 'जर्मनांचा गैरसमज' म्हणून विषय मिटवणे मला मुळीच पटत नाही. लोक तह वाचत नाहीत, लोकांच्या तोंडी नाव बसते. १९२१मध्ये भरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा ठरला आणि त्या नावामुळे प्रत्येक हप्ता कबुलीजबाब होऊन बसला. जो देणे फेडतो तो गुन्हा कबूल करतो, म्हणजे तो देशद्रोही, असे हे गणित. शक्य तेवढे हप्ते भरावेत आणि ते झेपत नाहीत हे त्यातूनच जगाला दिसू द्यावे, अशा मताचे परराष्ट्रमंत्री राटेनाउ २४ जून १९२२ रोजी बर्लिनमध्ये उघड्या मोटारीत मारले गेले. १९१८च्या शस्त्रसंधीवर सही करणारे एर्त्सबर्गर आदल्याच वर्षी असेच मारले गेले होते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा १९२९चा. राष्ट्रवादी पक्षाचा नेता हुगेनबर्ग आणि हिटलर यांनी सार्वमतासाठी जे विधेयक पुढे केले, त्यात युद्धदोष नाकारण्याची मागणी होती आणि त्या दोषावर आधारलेली नवी देणी पत्करणाऱ्या मंत्र्यांना देशद्रोहाची शिक्षाही होती. 'शुल्ड'चे दोन्ही अर्थ एकाच मसुद्यात! सार्वमत फसले. पण पुढच्या सप्टेंबरात संसदेच्या निवडणुकीत नाझी १२ जागांवरून १०७वर गेले. त्यात मंदीचा वाटा मोठा, हे मान्य. पण मंदीतली चीड कुणावर काढायची, हे त्या शब्दाने दहा वर्षे आधीच शिकवून ठेवले होते.

तर 'युद्धदोष' लिहा. 'युद्धऋण' मला फार आवडले असते, पण त्याचा अर्थ युद्धासाठी काढलेले कर्ज असा होईल, आणि तसली कर्जे जर्मन सरकारने १९१४पासून आपल्याच जनतेकडून घेतलेली होती.