ट्रेमधल्या रोमन पिझ्झ्याचं पीठ हाताला फार चिकटतं, आणखी किती मैदा घालू? आणि मैदा कोणता घ्यावा?

एक चमचाही घालू नका. ते पीठ चिकटच असतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही 3 वर्षं रोममध्ये होतो. घराखालीच 'पिझ्झा अल ताल्यो'चं दुकान होतं. लांबलचक काळे लोखंडी ट्रे मांडलेले असायचे. केवढा तुकडा हवा ते बोटाने दाखवायचं, दुकानदार कात्रीने कापून काट्यावर टाकायचा, पैसे वजनावर. बटाट्याच्या चकत्या आणि रोझमेरीवाला माझा ठरलेला. खालून कुर्रकन वाजायचा आणि आत आंबोळीसारखी जाळी. एकदा त्याने मला पीठ दाखवलं. थालीपिठाच्या पिठाहून सैल! जाड रव्यावर उलथून तो फक्त बोटांच्या टोकांनी दाबत होता, लाटणं नाहीच.

पुण्यात आल्यावर भाच्याच्या वाढदिवसाला मी तसंच पीठ आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी आंघोळ करून येते तर वन्संनी त्यात चांगला दोन मुठी मैदा घालून पोळीच्या कणकेसारखा गोळा केलेला. "पातळ झालं होतं, सावरलं मी." पिझ्झा झाला कडक टोस्ट. आणि सगळ्यांसमोर त्याच म्हणाल्या, "तीन वर्षं इटलीत राहून एवढंच शिकलीस?" मी तेव्हा गप्प बसले, ते अजून सलतं.

तेव्हा जे बोलायला हवं होतं ते इथे लिहिते. नापोलीचा (म्हणजे नेपल्सचा) गोल पिझ्झा धगधगत्या भट्टीत दीड मिनिटात होतो. ट्रेमधला 250 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं राहतो. तेवढ्या वेळात पाणी उडून जातं, म्हणून ते आधीच जास्त घालायचं. त्याचीच वाफ होते आणि जाळी पडते. पाणी कमी केलंत की तो पिझ्झा राहत नाही, मग करणारीला नावं ठेवू नयेत.

30 बाय 40 सेंमीच्या ट्रेला 350 ग्रॅम मैदा, 265 मिली गार पाणी, 8 ग्रॅम मीठ, अर्धा चमचा इन्स्टंट यीस्ट, चमचाभर ऑलिव्ह तेल. मळत बसू नका. ओल्या हाताने दर वीस मिनिटांनी घड्या घाला, तीन-चार वेळा. मग 24 तास फ्रीज. ट्रेला सढळ तेल लावा. आधी टोमॅटो लावून अगदी खालच्या कप्प्यात दहा मिनिटं, मग मोझरेला घालून वरच्या कप्प्यात. चीज सुरुवातीलाच घातलं तर करपतं.

मैद्याचं म्हणाल तर पाकिटावर प्रथिनं बघा, 100 ग्रॅमला 11 च्या पुढे असतील तो घ्या. त्याहून कमी असतील तर पाणी 20-25 मिलीने कमी करा, एवढी सूट मीही देते. पण पीठ एकदा भिजलं की वरून कोरडा मैदा नाही, मग सांगणारं कितीही मोठं असो.